एजंटसाठी लॉगिंगचे डॉक्युमेंटेशन

लॉगिंग सेटअप करणारे साधन प्रोग्रॅमला ठरवून देते की काय नोंदवायचे, कुठे नोंदवायचे आणि ते किती काळ ठेवायचे. हा सेटअप आता पुष्कळदा एआय एजंट करतो. त्याच्यासाठीचे डॉक्युमेंटेशन वेगळे लिहावे लागते, कारण लॉगिंगमधल्या बहुतेक चुका गप्प असतात. प्रोग्रॅम चालत राहतो, नोंद मात्र होत नाही. आणि हे कळते ते नोंद शोधायची वेळ आल्यावर.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतली एखादी ओतशाळा घेऊ. भट्टीच्या प्रत्येक हीटला, म्हणजे एका वेळच्या वितळणीला, क्रमांक असतो. त्यापुढे धातूतले घटक, ओतण्याचे तापमान आणि पाळी लिहितात. काही महिन्यांनी कास्टिंग रिजेक्ट होऊन परत आले, की त्या क्रमांकावरूनच मागचा शोध घेता येतो. ही नोंद संगणकावर आणणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला आहे आणि त्याचे लॉगिंग लावायचे काम एजंटला दिले आहे, असे धरू.

पायथनमध्ये लॉगिंगची सोय 2003 च्या 2.3 या आवृत्तीपासून भाषेसोबतच येते. डीबग 10, इन्फो 20, वॉर्निंग 30, एरर 40 आणि क्रिटिकल 50 अशा तिच्या पातळ्या आहेत. काहीच ठरवून दिले नाही, तर वॉर्निंगच्या खालचे सगळे गाळले जाते. हीट सुरू झाल्याची ओळ इन्फोची, म्हणून ती लागतच नाही. 'बेसिक कॉन्फिग' ही आज्ञा याहून फसवी आहे. एखाद्या लायब्ररीने मूळ लॉगरला आधीच हँडलर, म्हणजे नोंद कुठे लिहायची ते ठरवणारा भाग, जोडला असेल, तर ही आज्ञा काहीही न करता, काहीही न सांगता परत येते. 3.8 पासून 'फोर्स' हा पर्याय देऊन जुने हँडलर काढता येतात, पण तो मागावा लागतो. उलट, प्रोग्रॅम चालू असताना हँडलर जोडणारा कोड दुसऱ्यांदा चालला, की प्रत्येक ओळ दोनदा लिहिली जाते आणि लॉगवरून मोजलेल्या हीट दुप्पट भरतात. एजंट एखादे पाऊल सहज पुन्हा चालवतो. म्हणून पुन्हा चालवल्यास काय होते, हे प्रत्येक आज्ञेपाशी लिहिलेले असायला हवे.

देवनागरीचा प्रश्न मराठी कारखान्यात हमखास येतो. विंडोजवर फाइलचे एन्कोडिंग सांगितले नाही, तर पायथनच्या आजवर रूढ असलेल्या आवृत्त्या यंत्रणेचे जुने एन्कोडिंग घेतात. त्यात देवनागरी बसत नसेल, तर ग्राहकाचे नाव देवनागरीत असलेली नेमकी तीच ओळ गळते. चूक झाल्याचा संदेश पडद्यावर येतो. पण प्रोग्रॅम पडद्याविना, पार्श्वभूमीला चालत असेल तर तोही कुणाला दिसत नाही. 'यूटीएफ-8' हा पर्याय ऐच्छिक म्हणून कोपऱ्यात न ठेवता मुख्य उदाहरणातच घातलेला बरा.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी अशा ठिकाणी अडली, तर सीनिअरला विचारते आणि पुढच्या खेपेला ते तिच्या लक्षात राहते. एजंट अनेकदा न विचारता, मजकुरातून सर्वांत संभवनीय वाटेल तो अर्थ घेऊन पुढे जातो आणि नव्या सत्रात पुन्हा पहिल्यापासून वाचतो. त्यामुळे प्रत्येक पर्यायाचा डिफॉल्ट आणि तो तसाच ठेवल्यास काय नोंदले जाणार नाही, हे लिहिणे हाच या डॉक्युमेंटेशनचा गाभा आहे.

आकड्याशेजारी त्याचे कारण हवे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग 180 दिवस ठेवायचे असतात. हे कारण लिहिलेले नसेल, तर डिस्क भरत आल्याचे दिसताच एजंट तो आकडा 7 करील, आणि त्याच्यापुढे असलेल्या माहितीवरून ते योग्यच ठरेल. मनाईचेही तसेच. एजंटला साधने जोडण्यासाठी नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिकने जाहीर केलेल्या मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये स्थानिक सर्व्हरचा स्टँडर्ड आउटपुट फक्त संदेशांसाठी राखीव असतो. लॉगची एक ओळ तिथे गेली तरी संवाद बिघडू शकतो. 'तिथे लॉग लिहू नये' एवढ्यावर न थांबता 'स्टँडर्ड एररवर लिहावा' असा पर्यायही सांगावा लागतो.

सेटअप झाला हे साधनाने म्हणणे पुरेसे नाही. तपासणीची आज्ञा डॉक्युमेंटेशनमध्येच हवी: इन्फो पातळीची, देवनागरी अक्षरे असलेली एक ओळ लिहायची, फाइल उघडून ती वाचायची आणि ती बरोबर एकदाच आली आहे का ते पाहायचे. ती सापडली नाही किंवा दोनदा सापडली, तर आज्ञेने शून्याखेरीज दुसरा संकेतांक परत द्यावा आणि एजंटने तिथेच थांबून माणसाला कळवावे, असे स्पष्ट लिहावे. सगळ्यात शेवटी सेटअप काढण्याची रीत येते. तिने हँडलर आणि कॉन्फिगची फाइल काढावी. साठलेल्या लॉगला हात लावू नये.