उंदराच्या नाकातलं दुसरं नाक
गहू पोटरीत आलाय अन् बांधावर ताजी बिळं दिसताहेत. यावल-रावेरकडे औषधाची पुडी आणायची घाई चाललीय. जरा थांबा.

उंदीर दुसऱ्या उंदराचं तोंड हुंगतो. श्वासातला कार्बन डायसल्फाइड अन् खाल्लेल्या दाण्याचा वास एकत्र आला, की त्याचा मेंदू ठरवतो : हे खायला चालतं. म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा; मग त्यातच झिंक फॉस्फाइड, हातमोजे घालूनच. थोडं खाऊन वाचलेला उंदीर त्या आमिषाला पुन्हा शिवत नाही.

मांजराच्या भीतीची वाट वेगळी. नाकात खाली जेकबसन इंद्रिय असतं. प्रयोगशाळेत जन्मलेला, मांजर कधी न पाहिलेला उंदीरही तिच्या लाळेतल्या प्रथिनाने दबकतो.

आमच्या बांधावर मुंगूस राहतंय. त्या कडेला पुडी ठेवणार नाही.