नक्षी साठवायची कुठे?

सात रस्ता, सोलापूर

चि. मृणालला अनेक आशीर्वाद.

तुझ्याकडची सोलापुरी चादर उलटून बघ. नक्षी तीच, रंग मात्र अदलाबदल झालेले. नक्षीच्या प्रत्येक ठिपक्यापाशी विणकरापुढे एकच प्रश्न असतो: ताण्याचा हा धागा उचलायचा की नाही? त्याचे उत्तर मागावर बसवलेल्या जेकॉर्ड यंत्राच्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर भोकांनी लिहिलेले असते. कार्डांची माळ बदलली की त्याच मागावर मोराऐवजी फुले उतरतात. यंत्र वेगळे, त्याच्या सूचना वेगळ्या, ही संगणकाच्या मुळाशी असलेली कल्पना आहे, आणि माझ्या मते तिचा उगम आशियातल्या विणकरांच्या मागावर आहे.

जेकॉर्ड तर फ्रान्समधल्या लियाँचा, १८०४ सालचा, असे तू म्हणशील. बरोबर आहे, भोके पाडलेला कागदही बूशाँने १७२५ मध्ये तिथेच मागावर आणला. पण जेकॉर्डने जागा घेतली ती नक्षीच्या दोऱ्यांचे जुडगे ओढणाऱ्या पोऱ्याची, आणि तो दोरीचा माग रेशमाबरोबर पूर्वेकडून युरोपात गेलेला. चीनमध्ये चेंगडूजवळ लाओग्वानशानच्या थडग्यांत नक्षीच्या मागांच्या लाकडी प्रतिकृती सापडल्या आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या. नक्षी विणकराच्या डोक्यातून निघून मागाच्या रचनेत जाऊन बसली होती, ती तेव्हाच. आपल्याकडे बनारसचा नक्षाबंद तर अख्खी नक्षी दोऱ्यांत बांधून ठेवी आणि तिच्यावरून दुसऱ्या मागासाठी नक्कल निघे. भोक पाडण्याची युक्ती लियाँची, हे श्रेय मी काढून घेत नाही. पण ते भोक ज्या प्रश्नाचे उत्तर देते, तो प्रश्न आधीच विचारला गेला होता.

कापडाचा आणि गणिताचा संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. इंग्रज गणितज्ञ बॅबेजने १८३० च्या दशकात आखलेल्या गणनयंत्रासाठी कार्डांची कल्पना थेट जेकॉर्डवरून उचलली. सुमारे २४ हजार कार्डे लावून रेशमात विणलेले खुद्द यंत्रकर्त्या जेकॉर्डचे चित्र त्याच्या संग्रही होते. ते यंत्र पुरे झाले नाही, हा आक्षेप खरा आहे. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी कार्डे वापरणाऱ्या हॉलरिथलाही रेल्वेच्या तिकिटांवरून सुचले, असे तो सांगे. म्हणून आजचा प्रत्येक संगणक मागाच्या पोटी जन्मला, असे मी म्हणत नाही. सूचना यंत्राबाहेर लिहून ठेवता येतात, हे आधी मागावर सिद्ध झाले, एवढेच म्हणतो.

पुन्हा तुझ्या चादरीकडे येतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी इथे सोलापुरात ती नावारूपाला आणली. आता नक्षी संगणकावर काढतात, आणि इलेक्ट्रॉनिक जेकॉर्ड असेल तिथे पुठ्ठ्याचे कार्डही लागत नाही.

तुझा,
मामा