परतीची तार

गाडी सुरू होत नाही म्हटलं की माणसं लाल तारेकडे बघतात. प्लसचा टर्मिनल घासतात, क्लॅम्प आवळतात, फ्यूज काढून उजेडात धरतात. काळ्या तारेला कोणी हात लावत नाही. ती बॅटरीतून निघते, शासीच्या एका बोल्टात जाते, आणि तिथं तिचं काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. माझं निम्मं आयुष्य त्या बोल्टापाशी गेलं आहे.

सुरतच्या डिंडोलीत माझं दुकान आहे. रिक्षा, कापडाचे तागे वाहणारे टेम्पो, अधूनमधून एखादी खाजगी गाडी. गिऱ्हाईक बरंचसं आपल्या खानदेशातलं, आणि तक्रारही ठरलेली: "नाना, बॅटरी भरेल शे, तरी सेल्फ फिरत नही." या एका वाक्यामागे किती आजार दडलेले असतात ते या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. सेल, कार्बन, सोलेनॉइड यांचा मी इथं विषय काढत नाही. मला बोलायचं आहे ते अर्थिंगबद्दल. त्या आजाराने मला कधी सोडलं नाही, आणि आता तो एका विमानातून माझ्याकडे परत आला आहे.

माझ्याकडे शिकलेला एक मुलगा सध्या नाशिककडच्या एका शेडमध्ये आहे. कोणी हौशी गृहस्थ स्वतः दोन आसनी विमान बांधत आहेत, फायबरच्या अंगाचं, आणि वायरिंग या पोराकडे दिलं आहे. रात्री दुकान बंद करायच्या वेळेला त्याचा फोन येतो. आधी प्रकृतीची चौकशी, मग सरळ व्होल्ट आणि अँपिअर. गेल्या पावसाळ्यापासून मी गाड्यांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो आहे, ते त्या फोनांमुळे.

आजार असा आहे. काळ्या तारेच्या वाटेत कुठेतरी गंज धरतो, किंवा लगखाली रंग राहतो, आणि तिथं एका ओहमचा शंभरावा भाग इतका अडथळा तयार होतो. तो मल्टीमीटरच्या ओहमवर दिसत नाही, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचा अडथळा त्याहून मोठा. टेस्टिंग बल्ब लावला तर झकास पेटतो. बल्ब 5 अँपिअर ओढत असेल तर त्या जागी 0.05 व्होल्ट पडतात, आणि तेवढ्याने उजेड कमी झालेला डोळ्याला कळत नाही. पण टेम्पोचा सेल्फ 200 अँपिअर मागतो. त्याच जागी आता 2 व्होल्ट पडतात. बॅटरी दणदणीत 12.6 दाखवत असते, सेल्फ मारताना तिचे 11 होतात, त्यातले 2 परतीच्या वाटेवर गळतात, आणि सेल्फपाशी 9 उरतात. तो कण्हतो. मालक बॅटरी बदलतो. नवीन बॅटरीचा जोर थोडा जास्त म्हणून आठ-पंधरा दिवस गाडी सुरू होते, आणि पुन्हा तेच.

हे पकडायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे. मीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या मायनसच्या शिशावर, क्लॅम्पवर नाही, शिशावरच. दुसरं टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर. आणि सेल्फ मारायचा. 0.2 पर्यंत मी सोडून देतो. अर्धा व्होल्ट आला की वाटेतली प्रत्येक जोडणी उघडायची. विजेची वाट विजेला चालायला लावूनच तपासता येते. सेल्फ न मारता घेतलेलं माप या बाबतीत निरुपयोगी आहे, मग मीटर कितीही भारी असो.

इंजिन रबराच्या पायांवर बसतं, हे विसरल्यामुळे काय होतं ते एका टेम्पोने मला दाखवलं. अ‍ॅक्सिलरेटर जड होतो म्हणून केबल बदलून झाली होती, पुन्हा जड झाला तेव्हाही टेम्पो माझ्याकडे नाही, गॅरेजकडेच परत गेला. माझ्याकडे आला तो सेल्फ हळू फिरतो या तक्रारीसाठी. इंजिनापासून शासीला येणारी विणलेली तांब्याची पट्टी मागच्या बाजूने तुटलेली होती. रबरातून वीज जात नाही. पण गेलेल्या विजेला परत यावंच लागतं. ती अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलीतून परत येत होती. सेल्फ मारला की केबल तापायची, आतलं नायलॉन वितळून चिकटायचं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच होतं.

हे मी त्या पोराला शिकताना सांगितलं होतं. शेडमधून पहिला फोन आला तेव्हा त्यानेच मला ते आठवून दिलं. विमानाचं इंजिनही रबरावर बसतं. तिथंही थ्रॉटलची केबल इंजिनाला धातूनेच जोडलेली, आणि पेट्रोलच्या नळीवरही धातूचं विणकाम असतं. टेम्पोत केबल चिकटली तर माणूस रस्त्याच्या कडेला उतरतो. तिकडे उतरायला रस्ताच नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे मी खरं सांगतो.

आणि फायबरच्या अंगात शासीच नाही. गाडीत लोखंडी सांगाडा फुकटची परतीची वाट देतो, तिथं ती पूर्ण विकत घ्यावी लागते, पैशाने आणि वजनाने. अमेरिकेतल्या बर्ट रुटानच्या लाँग-ईझी या प्रसिद्ध घरगुती विमानात इंजिन शेपटाकडे असतं, म्हणून तोल सांभाळायला बॅटरी नाकात ठेवतात. याही विमानात तोलासाठी बॅटरी इंजिनापासून लांब बसवायची ठरली. अंतर 4 मीटर. म्हणजे जायला 4, यायला 4. 25 चौरस मिलिमीटरच्या तांब्याची तार घेतली तर 8 मीटरला 200 अँपिअरवर 1.1 व्होल्ट नुसत्या तारेत जातात, सगळ्या जोडण्या निर्दोष धरून. जाड तार घेतली तर वजन वाढतं. बॅटरी इंजिनाजवळ आणली तर तोल बिघडतो. आमच्या धंद्यात बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. कंपनीने खाच केलेली असते, तिथं ती बसते.

बॅटरी कोणती, यावर आमचं बरंच बोलणं झालं. त्या गृहस्थांना लिथियमची हवी होती. चार सेलांची लिथियम आयर्न फॉस्फेट, दोन-अडीच किलोत काम. तेवढाच सेल्फ फिरवणारी 17 अँपिअर-तासांची सीलबंद शिशाची घेतली तर सुमारे 7 किलो. विमानात साडेचार किलो म्हणजे काही थोडंथोडकं नाही. 2013 च्या जानेवारीत बोस्टनच्या विमानतळावर उभ्या बोइंग 787 मध्ये लिथियम बॅटरी पेटली आणि त्या जातीची जगभरातली विमानं जमिनीवर ठेवावी लागली. ते रसायन वेगळं होतं, म्हणून त्या आगीचं भय मी घातलं नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. लिथियमच्या आत एक रक्षक सर्किट असतं. व्होल्ट फार वाढले किंवा फार उतरले की ते बॅटरी तोडून टाकतं, एका क्षणात. अल्टरनेटर भरात असताना बॅटरी अशी सुटली की लाइनीत व्होल्टचा झटका येतो, आणि तो रेडिओच्या, इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या अंगावर जातो. शिशाची बॅटरी मरताना आधी सांगते. दिवे पिवळे होतात, सेल्फ जड होतो. या इंजिनाची ठिणगी मॅग्नेटोची नाही, इलेक्ट्रॉनिक आहे, म्हणजे बॅटरी गेली तर इंजिनही गेलं. राइट बंधूंनी 1903 ला इंजिन सुरू करायची बॅटरी जमिनीवरच ठेवली आणि वर जाताना मॅग्नेटो नेला. त्यांना ते परवडत होतं. इथं अल्टरनेटर बंद पडल्यावर ठिणगी, पंप आणि रेडिओ मिळून 6 अँपिअर धरले आणि जुन्या झालेल्या 17 च्या बॅटरीतून निम्मेच भरवशाचे मानले, तरी सव्वा-दीड तास मिळतो. तेवढ्यात धावपट्टी सापडावी. त्या गृहस्थांनी शिशाची घेतली. मला बरं वाटलं.

आमच्या मुलखाला विमान बांधणाऱ्याचं नवल राहिलेलं नाही. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 ला ते मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, 2017 ला त्याची नोंदणी झाली, आणि 2020 ला त्याची चाचणी झाली ती धुळ्याच्या धावपट्टीवर. माझं गाव तिथून जवळ. त्या वेळी जे जे छापून आलं ते मी वाचलं. पंखांवर होतं, इंजिनावर होतं, परवानगीच्या फेऱ्यांवर होतं. त्यातली अर्थिंग कोणी केली, कशी केली, हे मला वाचायचं होतं. ते कुठेच नव्हतं.

आमच्या इथंही ते कोणी विचारत नाही. नवीन दुकानांत गाडी आली की एक डिजिटल टेस्टर लावतात, त्यातून चिठ्ठी निघते, "रिप्लेस", आणि जुनी बॅटरी भंगाराच्या भावात आत जाते. त्यातल्या कितीतरी बॅटऱ्या धडधाकट असतात, असं माझं ठाम मत आहे. आता त्या सीलबंद. बूच नाही, हायड्रोमीटर घालायला जागा नाही. पूर्वी वरचं डांबर तापवून एकेक सेल बाहेर काढता यायचा, प्लेटा बदलता यायच्या, आणि कोणत्या प्लेटेने दगा दिला ते डोळ्यांनी दिसायचं. ज्याने कधी आतलं पाहिलं नाही, तो चिठ्ठीवरच विश्वास ठेवणार. मी त्या दुकानांतल्या पोरांना दोष देत नाही. त्यांच्या मालकांना देतो.

आता माझ्या हाताबद्दल. माझी डागणी या भागात ओळखली जाते. जाड तारेला लग बसवून मी त्यात कथील असं भरतो की कापून बघितलं तर एकही पोकळी सापडत नाही. लिंबायत-नवागामहून माणसं नुसती ती करून घ्यायला येतात. विमानात डागणी नको, दाबलेली क्रिम्प हवी. कारण मलाही ठाऊक आहे: कथील तारेच्या दोऱ्यांतून वर चढतं, जिथं थांबतं तिथं तार ताठ होते, आणि थरथरीने नेमकी तिथंच तुटते. बॉब नकल्स यांच्या 'एरोइलेक्ट्रिक कनेक्शन' या पुस्तकातली पानं पोराने फोनवर वाचून दाखवली. सगळ्या परतीच्या तारा एकाच जागी, अर्थच्या फळीवर, आणून बांधायच्या हेही त्यात आहे. मला ते पटलं. तरीही मी त्याला सांगत राहिलो की निदान मुख्य अर्थचे दोन लग इथं पाठव, मी डागून देतो. सुरक्षिततेचं नाव मी पुढे केलं. खरी गोष्ट अशी की त्या विमानात माझ्या हाताचं काहीतरी वर जावं, अशी मला इच्छा होती. अजून आहे. त्याने लग पाठवले नाहीत, विषय बदलला, आणि तो बदलताना आवाजात जो मान राखला तो मी त्याला शिकवलेला नव्हता.

पहिल्यांदा इंजिन चालवलं त्या दिवशी चार्जिंग 15.1 आलं. सीलबंद बॅटरीला ते विष. तिच्यात पाणी घालता येत नाही. शेडमधल्या सगळ्यांनी रेग्युलेटरला दोष दिला, नवीन मागवायची भाषा सुरू झाली. मी म्हटलं, थांबा. रेग्युलेटर हे मोजणारं यंत्र आहे. त्याला दोन टोकांमध्ये जे दिसतं, त्यावर ते अल्टरनेटर चढवतं-उतरवतं. त्याचं मायनसचं टोक कुठे आहे? इंजिन चालू ठेवून, एक टोक रेग्युलेटरच्या अंगावर आणि एक बॅटरीच्या मायनसच्या शिशावर लावायला सांगितलं. 0.8 व्होल्ट. रेग्युलेटरला 14.3 च दिसत होते आणि तो इमानाने तेवढेच राखत होता. बॅटरीला मात्र वरचे 0.8 सोसावे लागत होते. त्याच्या ब्रॅकेटवरच्या रंगावरच लग आवळला गेला होता. रंग खरवडला, दातेरी वॉशर घातला, 14.3. फोनवर तिकडचा आनंद ऐकू येत होता. त्या गृहस्थांनी पोराची पाठ थोपटली, आणि "कोणाला विचारलंस" असं त्यांनी विचारावं, म्हणून मी फोन कानाला धरून थांबलो होतो.

सध्याचा वाद इंजिनाच्या पट्टीवर आहे. त्याने इंजिनापासून अर्थच्या फळीला विणलेली एकच पट्टी लावली आहे. मला दोन हव्यात, दोन वेगवेगळ्या बोल्टांवर. एक थरथरीने तुटली तर वीज थ्रॉटलच्या केबलीत शिरण्याआधी दुसरी असावी. तो म्हणतो, "नाना, दोन असल्या तर एक तुटलेली कळणारच नाही. सेल्फ तसाच फिरेल, आणि आपण एकीवरच उडत राहू." हे खरं आहे. त्यावर माझं उत्तर असं की दर तपासणीला एक पट्टी सोडायची, दुसरीवर सेल्फ मारून माप घ्यायचं, मग उलट, आणि दोन्ही आकडे वहीत लिहायचे. पट्टी कधी झिजू लागली ते वहीच सांगेल. दुसऱ्या पट्टीच्या वजनाचं तो बोलतो, ते मी ऐकून घेत नाही. बोल्ट सोडण्या-आवळण्यात नवा दोष शिरू शकतो, हे त्याचं म्हणणं मात्र मला खोडता आलेलं नाही, आणि त्यावर आम्ही अजून बोलतो आहोत.