वंगणाची वाट

वर्ध्याचे नाव काढले की आपल्या डोळ्यांपुढे चरखा उभा राहतो, आणि ते योग्यच आहे. पण या खेपेस वर्धा जिल्हा पाहून परतलो, तो माझ्या डोक्यात सूत नव्हते, तेल होते. तेही मोटारीच्या पोटातले!

त्याची नांदी वर्ध्याच्या मगनवाडीतच झाली. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे हे ठाणे. तेलघाणीपासून हातकागदापर्यंत खेड्यातले उद्योग सुधारावेत, म्हणून जे. सी. कुमारप्पा येथे झटले. येथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींनी 30 डिसेंबर 1938 रोजी केले. खेड्यातली अवजारे पाहताना एक गोष्ट मनात ठसली. जिथे एक वस्तू दुसरीवर घासत फिरते, तिथे मध्ये तेलाचा थेंब हवाच; मग तो बैलगाडीचा आस असो, की मोटारीचा क्रँक.

आमची स्वारी मेहुण्यांच्या मोटारीतून होती. नागपूर ते शिर्डी हा समृद्धी महामार्गाचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाल्यापासून नागपूरच्या मंडळींना वर्धा म्हणजे परसदार वाटू लागले आहे. सकाळी त्या रस्त्याने भरधाव आलो, पवनारला धाम नदीचे दर्शन घेतले, सेवाग्रामला बापूकुटीच्या सावलीत घटकाभर टेकलो आणि दुपारी आर्वीची वाट धरली. दोहो बाजूंना कपाशी फुटलेली, मधूनच तुरीची हिरवी रांग. खरांगणा मागे पडले आणि एक शेळ्यांचा कळप आडवा आला. गाडी थांबली, इंजिन मंद चालू राहिले, आणि समोर तेलाच्या झारीचे चित्र असलेला तांबडा दिवा लुकलुकू लागला.

मेहुणे म्हणाले, "चालायचेच! आर्वी आलीच. तिथे पाहू."

मी म्हटले, "आधी इंजिन बंद करा."

वाचकहो, हा दिवा दिवाळीच्या दिव्याच्या अगदी उलट. आपली पणती तेल असेपर्यंत जळते. हा दिवा तेल पोचेनासे झाले की पेटतो! आणि तो उशिरा पेटतो. धावत्या इंजिनाला तेलाचा दोन-चार किलो दाब लागतो. दिवा पेटतो तो बहुधा दाब अर्ध्या किलोच्या आसपास उतरल्यावर. पेट्रोल संपत आले तर पुढचे गाव गाठता येते. तेलाचा दाब गेला, तर मिनिटा-दोन मिनिटांत बेअरिंगे घासून इंजिन कायमचे जाम होऊ शकते.

दहा मिनिटांनी सपाट जागी पट्टी काढून पाहिली. तेल दोन खुणांच्या मध्ये, व्यवस्थित! मेहुण्यांचा चेहरा खुलला. पण खरा घोटाळा इथेच असतो. पट्टी सांगते तेल किती आहे. दिवा सांगतो ते चढते आहे की नाही. चढवण्याचे काम तेलाच्या पंपाचे. इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधले तेल जाळीतून ओढून हा पंप ते गाळणीमार्गे क्रँकपासून वरच्या टॅपेटांपर्यंत पोचवतो. दिसत नाही, बोलत नाही. घरातल्या आजीसारखा सगळ्यांना पुरवून स्वतः मागे.

एवढ्यात एक बैलगाडीवाले बाबा थांबले. सारी हकीकत ऐकून म्हणाले, "भाऊ, आमच्या गाडीचं वंगण सरलं का चाक बोंबलते. तुमच्या गाडीले बोंबलता येत नसन, म्हणून दिवा लावते!"

मोटारीलाही बोंबलता येते, पण तोवर फार उशीर झालेला असतो. वर टॅपेटांची टकटक ही पहिली हाक. खालून ठक्‌ ठक्‌ असा जड आवाज आला, की बेअरिंगे गेली म्हणून समजावे.

एका ट्रॅक्टरने टोचन लावून आम्हांला आर्वीला नेले. तिथल्या मिस्त्रींनी घाई केली नाही. दिव्याचे बटणच खोटे बोलत असेल, म्हणून त्याजागी दाबाचा काटा बसवून आधी खात्री केली. काटा वर चढेना, तेव्हा चेंबर उतरवले. खाली दगड लागून त्याला पोचा आला होता, जाळी तळाला टेकली होती आणि तिच्यावर काळ्या चिखलाची साय धरली होती. पंप बिचारा धडधाकट. त्याला ओढायला तेलच मिळत नव्हते! मेहुण्यांनी तेल कधी बदलले होते, हे कोणी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. बहिणीने फक्त खिडकीबाहेर पाहिले.

चेंबर ठोकून सरळ झाले, जाळी धुतली, गाळणी नवी आली. पंप कोरडा फिरू नये म्हणून मिस्त्रींनी त्यात आधी तेल भरले.

निघताना ते म्हणाले ते घरोघरी लिहून ठेवण्याजोगे आहे. पंपाची निगा म्हणजे तेलाची निगा. गाडीच्या पुस्तकात सांगितलेल्याच प्रतीचे तेल घाला, ते आणि गाळणी वेळेवर बदला. वरच्या खुणेपलीकडे भरू नका. क्रँक ते घुसळून फेस करतो आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा 45 अंशांपुढे गेला असता, तेल पातळ होते. गाडी उभी असताना दिवा लुकलुकला तर "वेग घेतला की विझतो" म्हणून समाधान मानू नका. आणि पोटाला दगड लागला, तर खाली वाकून पाहा.

दुसऱ्या दिवशी वर्धा नदी ओलांडून आम्ही कौंडण्यपुरास गेलो. हे रुक्मिणीचे माहेर. येथूनच श्रीकृष्णाने तिला रथात घालून पळवले, मागे सारे सैन्य लागले, तरी रथ कुठे अडला नाही. पुराणात तसे लिहिलेले नाही. पण माझी खात्री आहे, आदल्या रात्री दारुकाने आसाचे वंगण पाहून ठेवले असणार!