एकच डोंगर, पुन्हा पुन्हा

पावसाची पहिली सर आली की पुण्यातल्या कट्ट्याकट्ट्यावर डोंगराचा विषय निघतो. कोणी राजगडाचं नाव घेतं, कोणी हरिश्चंद्रगडाचं, कोणी थेट चांदोलीच्या राष्ट्रीय उद्यानाचं. चौघांपैकी तिघे आयुष्यात पहिल्यांदाच चढणार असतात, आणि त्या उत्साहाला नाट लावावी असं मला मुळीच वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नवख्यांनी पहिलं वर्ष डोंगर मोजण्यात घालवू नये. घराजवळचा एक डोंगर निवडावा आणि त्याच सोबत्यांबरोबर तो वर्षभर चढत राहावं. पुणेकरांना त्यासाठी दूर जायची गरज नाही. अगदीच सवय नसेल तर शहराच्या मधोमध वेताळ टेकडी आहे. आणि पाय जरा सरावले की 1312 मीटर उंचीचा सिंहगड आतकरवाडीच्या वाटेने आपली वाट पाहत असतो.

एकाच डोंगरातून इतर डोंगर कसे कळतील, असं कोणी विचारील. याचं उत्तर सह्याद्रीच्या घडणीतच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत आणि थिजत गेला, त्याचे हे थर. टणक थराचा उभा कडा उरतो, ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो, मध्येच सपाट पदर लागतो. म्हणून इथली चढण सलग नसते. छातीवर येणारा चढ, मग दम खायला जागा, मग पुन्हा चढ, अशी ती पायऱ्यापायऱ्यांनी वर जाते. सिंहगडाच्या सोंडेवर श्वासाची ही लय एकदा अंगात भिनली की 1403 मीटरच्या तोरण्यावर ती परकी वाटत नाही. वाट लांबते, कडे वाढतात, पण डोंगराची भाषा तीच असते. घसाऱ्यावर पाऊल आडवं टाकायचं, उतरताना गुडघे सैल ठेवायचे, मळलेली वाट आणि गुरांनी पाडलेली ढोरवाट यांतला फरक ओळखायचा, हे सगळं ओळखीच्या जागी शिकणं सोपं. तिथे चुकलं तरी गाव हाकेच्या अंतरावर असतं.

शिवाय डोंगर एक असला तरी ऋतू एक नसतात. एप्रिलमध्ये तोच चढ सकाळी आठनंतर भाजून काढतो, आणि पाण्याची बाटली किती पुरते याचा हिशेब तिथेच पक्का होतो. जुलैत तोच कातळ शेवाळाने निसरडा होतो. पाण्याच्या बाबतीत तर ही ओळख जिवाइतकी मोलाची. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांना दोष देणारा मी कोण? ओढा आपल्यासमोर शांत असतो आणि पाऊस वर, नजरेआडच्या पाणलोटात कोसळत असतो. पाणी बघता बघता चढतं. आदल्या ऋतूत कोरडी पाहिलेली घळ पावसात कशी वाहते हे ज्याने पाहिलं आहे, त्याच्या मनात निदान शंका तरी येते.

मित्रांचंही तसंच. चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं भेटणारा मित्र चढावर कसा वागतो हे कोणालाच ठाऊक नसतं. दम लागला हे सांगायला लाजणारा, भूक लागली की चिडणारा, उंचीच्या धास्तीने गप्प होणारा, अशी माणसं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला उलगडतात. मग सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवायचं आणि सर्वांत दमदार गड्याने शेवटी राहायचं, ही रीत कोणी न सांगता रुळते. पैसे भरून चाळीस अनोळखी माणसांत सामील झालं तर वाटाड्या मिळतो, सोयही होते, हे खरं. पण वाटाड्याला रस्ता ठाऊक असतो. तुमचा मित्र कोणत्या वळणावर घाबरतो हे त्याला कसं कळावं?

कंटाळ्याचा आक्षेप मात्र मला थोडा मान्य आहे. दहाव्यांदा तेच बुरूज, तेच पिठलं-भाकरीचं ताट, तेच मडक्यातलं दही. शिवाय सिंहगड म्हणजे अरण्य नव्हे. अरण्य हवं तर भीमाशंकरला जावं लागतं, आणि चांदोलीसारख्या राष्ट्रीय उद्यानात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकता येत नाही. पण याच कारणासाठी आधीचं वर्ष हवं. 1985 मध्ये अभयारण्य झालेल्या भीमाशंकरच्या रानात झाडी इतकी दाट, की दूरचं शिखर पाहून दिशा धरता येत नाही. राज्यप्राणी शेकरू तिथे फांद्यांच्या छतात राहतं आणि गोंगाट ऐकला की पानांआड दडतं. नव्याने भेटलेल्या माणसांना शांतता अवघडते, म्हणून ती बोलत राहतात. वर्षभर एकत्र चढलेले चौघे मात्र अर्धा तास न बोलता चालू शकतात. पुढचा थांबला की मागचे थांबतात, आणि मग वर कुठेतरी पान हलतं, तांबूस लांब शेपटी दिसते.