मामा जिंकला!

परवाच्या शनिवारी सकाळी साडेसहाला साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मी अर्धा चिरलेला ड्रेनेजचा पाइप घेऊन उभा होतो. चार इंची, पीव्हीसी, पाच फूट लांब. कंडक्टरने एकदा पाइपकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाथरूमचं काम काढलंय काय?"

"नाही हो, खेळणं आहे."

त्याने पाइपचं अर्धं तिकीट फाडायची धमकी दिली आणि मग स्वतःच तो मागच्या सीटखाली सरकवायला मदत केली. तर ही त्या पाइपची गोष्ट.

सांगलीला माझी ताई राहते. तिचा मुलगा अकरा वर्षांचा. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. म्हणजे मेंदूच्या ज्या भागातून स्नायूंना हुकूम सुटतात, त्या भागाला जन्माच्या सुमारास इजा झालेली. डोकं तल्लख, क्रिकेटचे स्कोअर तोंडपाठ, पण हात त्याचं ऐकत नाहीत आणि बोलणं फक्त घरच्यांना कळतं. मान मात्र पक्की. संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पोरं क्रिकेट खेळतात तेव्हा हा व्हीलचेअरवर बसून अंपायर. कायमचा अंपायर. दिवाळीत त्याने मला काहीतरी विचारलं. ताईने भाषांतर केलं, "विचारतोय, माझी बॅटिंग कधी?"

इंजिनिअर माणसाला असे प्रश्न विचारू नयेत. तो उत्तर देत नाही, लॅपटॉप उघडतो.

शोधता शोधता बोचिया नावाचा खेळ सापडला. 1984 पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. (गोलबॉल आणि बोचिया, या दोनच पॅरालिम्पिक खेळांना ऑलिम्पिकमध्ये जोडीदार नाही.) खेळ सोपा. आधी एक पांढरा बॉल टाकायचा. मग एकाचे सहा लाल, दुसऱ्याचे सहा निळे. पांढऱ्याच्या जवळ ज्याचा बॉल, त्याला पॉइंट. आपल्या गोट्यांचाच शिकलेला चुलतभाऊ म्हणा ना! ज्यांना हाताने बॉल टाकताच येत नाही त्यांच्यासाठी बीसी-3 नावाचा वेगळा गट आहे. ते उतरत्या पन्हाळीवरून बॉल सोडतात. हात चालत नसेल तर डोक्याला बांधलेल्या किंवा तोंडात धरलेल्या काठीने.

झालं. मी कामाला लागलो. तीन वीकेंड, एक आर्डुइनो, दोन मोटर आणि पाच हजारांच्या वर खर्च. संक्रांतीला व्हर्जन वन घेऊन सांगलीला गेलो. काय मशीन होतं राव! मोबाइलचा कॅमेरा पांढरा बॉल शोधायचा, एक मोटर पन्हाळ बरोबर त्या दिशेला वळवायची, दुसरी बॉलसमोरची झडप उघडायची. भाच्याने फक्त कोपराने एक मोठं लाल बटण दाबायचं. पहिलाच बॉल पांढऱ्याला जाऊन चिकटला. दाजींनी शिट्टी मारली, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी विजयी मुद्रेने भाच्याकडे बघितलं.

तो म्हणाला, "मामा जिंकला."

मला वाटलं कौतुक करतोय. आणखी दोनदा त्याने बटण दाबलं, दोन्ही बॉल जवळ गेले, आणि मग त्याने मान फिरवून पोरांचं क्रिकेट बघायला सुरुवात केली. परत अंपायर.

त्या रात्री मी पहिल्यांदा बोचियाचे नियम नीट वाचले. (मॅन्युअल शेवटी वाचायचं ही आमची परंपराच आहे.) पन्हाळीला बॉल ढकलणारं किंवा नेम धरायला मदत करणारं कुठलंही यंत्र चालत नाही. लेझर नाही, लेव्हल नाही, काही नाही. बॉलला शेवटचा स्पर्श खेळाडूचाच हवा. आणि सगळ्यात कडक नियम सहायकासाठी: खेळ चालू असताना त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं. वळून बघायचं नाही. खेळाडू सांगेल तेवढीच पन्हाळ हलवायची. म्हणजे मी जे जे ऑटोमेट केलं होतं, नेमकं ते सगळं बेकायदा! भाच्याने नियम न वाचता तीन बॉलमध्ये तोच निकाल दिला होता.

मग इतर खेळांचे नियम चाळले तर तिथेही हेच. अंध धावपटूबरोबर धावणारा गाइड त्याला ओढू शकत नाही आणि अंतिम रेषा आधी खेळाडूनेच ओलांडायची. गोलबॉल हा खेळ दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांसाठी 1946 साली निघाला. त्याच्या सव्वा किलोच्या बॉलमध्ये घुंगरं असतात. पण घुंगरं फक्त बॉल कुठे आहे ते सांगतात, अडवायचा खेळाडूनेच. थोडंफार दिसणाऱ्यांच्याही डोळ्यांवर पट्टी आणि प्रेक्षक चिडीचूप. साधन दारापर्यंत आणून सोडतं. आत जे अवघड आहे, ते ज्याचं त्याच्याकडेच ठेवतं. हरायची सोयसुद्धा!

व्हर्जन टू मग साताऱ्यात बनवलं. पोवई नाक्याजवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून पाइप घेतला, फॅब्रिकेशनवाल्याकडून ग्राइंडरने उभा चिरून घेतला आणि कडा काचपेपरने घासल्या. बोचियाच्या बॉलचा घेर 27 सेंटिमीटर, म्हणजे व्यास साधारण साडेआठ. चार इंची पाइपच्या पोटात तो मस्त बसतो. मोडक्या ऑफिसच्या खुर्चीचा फिरता पाय सांगलीला दाजींनी आधीच शोधून ठेवला होता, त्यावर पन्हाळ बसवायची. मोटर शून्य.

बॉल आईने शिवले. लाल आणि निळ्या ब्लाउजपीसचे, आत दुहेरी अस्तर आणि शाळू. नियमाप्रमाणे वजन 275 ग्रॅम, बारा ग्रॅम इकडे तिकडे चालतात. किराणा दुकानदाराने तेराच्या तेरा बॉल काट्यावर तोलून दिले. पहिला बॉल सैल भरला होता, तो घरंगळण्याऐवजी धप्पकन बसला. ठासून भरल्यावर पळायला लागला. (शाळूला किडे होणार हे आईचं भाकीत आहे. पुढच्या वेळी प्लास्टिकचे दाणे.) डोक्याच्या काठीसाठी सायकलचं हेल्मेट, पडद्याची ॲल्युमिनियमची नळी आणि तिच्या टोकाला म्हाताऱ्यांच्या काठीला असतं तसं रबरी बूच. हे मात्र भाच्याच्या फिजिओथेरपिस्टला दाखवल्याशिवाय वापरलं नाही. त्यांनी नळी आखूड करायला लावली आणि एका वेळी दहाच मिनिटं, असं बजावलं. मानेशी खेळ नको.

तर तो पाइप घेऊन मी एसटीत. कऱ्हाड गेलं आणि गाडी पेठ नाक्याला सांगलीकडे वळली. याच पेठ-इस्लामपूर भागातले मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अपंगत्व आलं. 1972 च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्ण, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. पद्मश्री मिळाली 2018 ला आणि बहुतेकांना नाव कळलं ते 2024 च्या 'चंदू चॅम्पियन'मुळे. त्याच वर्षी याच जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्यातल्या सचिन खिलारींनी पॅरिसला गोळाफेकीत 16.32 मीटरचं रौप्य आणलं. सुवर्ण फक्त सहा सेंटिमीटरने हुकलं. ही नावं सांगून भाच्याला "तूही होशील बघ" म्हणायचा मोह होतो. पण त्याने पदक मागितलंच नव्हतं. त्याला बॅटिंग हवी होती.

दुपारी पार्किंगमध्ये मांडामांड झाली. सहायक म्हणून ताई. तिला मैदानाकडे पाठ करून बसवलं आणि इथे खरी पंचाईत झाली. अकरा वर्षं ही बाई त्याला तहान लागायच्या आत पाणी देतेय. त्याने नजर उजवीकडे नेली की पन्हाळ उजवीकडे, वर बघितलं की बॉल वर चढवायचा. (दुप्पट उंचीवरून सोडला तर साधारण दुप्पट लांब जातो, फिजिक्स इतकंच.) पण ताई दर वेळी वळून बघायची आणि आपणच थोडं "करेक्शन" करायची. तिसऱ्यांदा तो ओरडला, "आई! नाही!"

हे कळायला भाषांतर लागलं नाही. ताई गप्प बसली. मान खाली, पाठ मैदानाकडे. तिचे डोळे भरले होते, ते मला दिसत होतं. त्याला दिसत नव्हतं, कारण तो पांढऱ्या बॉलकडे बघत होता.

उजवीकडे. आणखी. थोडं डावीकडे. वर. बॉल काठीच्या बुचाला टेकलेला. त्याने बराच वेळ लावला, मग मान किंचित उचलली आणि बॉल सुटला. थेट दाजींच्या स्कूटरखाली. समोरच्या टीममधल्या पोराने हाताने टाकून आरामात पॉइंट घेतला. दहा मिनिटं झाली तेव्हा स्कोअर होता चार-एक. तो एकही कसा आला ते बॉललाच ठाऊक.

मी घाबरत घाबरत त्याच्याजवळ गेलो. तो घामाघूम झाला होता आणि भयंकर चिडला होता. म्हणाला, "मी हरलो. परत."

"मामा हरला" नाही म्हणाला. मी हरलो!

फिजिओंचा दहा मिनिटांचा नियम दाखवून त्याला कसंबसं थांबवलं. पण ती मॅच अर्धवट आहे असा त्याचा दावा आहे. असो. पुढच्या शनिवारी परत सांगली. येताना आणखी एक पाइप आण म्हणून पोरांनी सांगितलंय, कारण आता त्यांनाही डोक्याने खेळायचंय. अंपायरची जागा मात्र रिकामी आहे. बहुतेक माझा नंबर लागणार!