फोटोच्या पाठीमागे काय लिहिलंय?



पूर्वी स्टुडिओतून फोटो धुऊन आला की घरातलं कुणीतरी त्याच्या पाठीमागे पेनानं तारीख अन् गाव लिहून ठेवायचं. मोबाईलचा फोटो हे काम न सांगताच करतो. मोबाईलची कंपनी, मॉडेल, फोटो काढल्याची वेळ, आणि कॅमेऱ्याचं लोकेशन चालू असेल तर ठिकाणसुद्धा त्या फाइलमध्ये लिहिलं जातं. ही माहिती कशी लिहायची याचा नमुना १९९५ मध्ये जपानमध्ये ठरला. त्याला एक्झिफ म्हणतात.

ती वाचायला मी पायथॉन आणि त्यातली पिलो ही लायब्ररी वापरते. माझं शिक्षण डी.एड., संगणकाची पदवी नाही. तरी चार-पाच ओळींत काम होतं. फाइल उघडायची, गेटएक्झिफ हे फंक्शन चालवायचं, मिळालेली यादी छापायची. पडद्यावर आधी नुसते आकडे दिसतात. घाबरू नका, हजेरीपटात जसा प्रत्येक मुलाला क्रमांक असतो तसेच हे. २७१ म्हणजे कंपनी, २७२ म्हणजे मॉडेल, २७४ म्हणजे फोटो कोणत्या बाजूला वळवून दाखवायचा ती खूण. ठिकाण मात्र या यादीत सरळ दिसत नाही. ३४८५३ या क्रमांकाचा आत वेगळा कप्पा असतो, तो गेट-आयएफडी या फंक्शननं उघडावा लागतो. त्यामुळे पहिली यादी पाहून ‘ठिकाण नाहीये’ म्हणून थांबू नका.

कप्पा उघडला की अक्षांश तीन तुकड्यांत मिळतो: अंश, मिनिटं, सेकंद. इथे आपलं घड्याळाचंच गणित कामी येतं. मिनिटांना ६० नं भागा, सेकंदांना ३६०० नं भागा आणि अंशात मिळवा. १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद म्हणजे १८.५२, हा पुण्याचा अक्षांश. रेखांशाचंही तसंच. (दक्षिण किंवा पश्चिम असेल तर उणे चिन्ह लागतं, पण आपल्याकडे उत्तर अन् पूर्वच, त्यामुळे ती भानगड नाही.) अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर साधारण ३१ मीटर, आणि मोबाईल सेकंदाचाही अपूर्णांक लिहितो. म्हणजे नुसतं गाव नाही, घर कळतं.

माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईनं मला सांगितलं होतं, “मॅडम, आम्ही आता कुठं राहतो ते कुणाला कळू देऊ नका.” कारण मी विचारलं नाही, तिनं अर्धं सांगितलं तेवढं पुरेसं होतं. पुढे त्याच मुलीच्या रांगोळीचा फोटो तिनं पाठवला. स्पष्ट दिसावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट करून पाठवला होता. साधा फोटो म्हणून पाठवला तर ठिकाण निघून जातं, डॉक्युमेंटमध्ये मूळ फाइल जशीच्या तशी येते. शाळेच्या पानावर टाकण्याआधी मी तो वाचला. आकडे नकाशात घातले, तर खूण थेट त्यांच्या अंगणात! फोटोत मुलीचा चेहरासुद्धा नव्हता, नुसती रांगोळी होती.

हे फक्त आपल्यासारख्यांचंच होतं असं नाही. अँटीव्हायरसमुळे जगभर नाव झालेले जॉन मॅकॅफी २०१२ मध्ये बेलीझच्या पोलिसांना चुकवत फिरत होते. ‘व्हाइस’नं त्यांचा फोटो इंटरनेटवर टाकला आणि त्यातल्या नोंदीवरून ते ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं.

ठिकाण काढून टाकणं सोपं आहे. पिलोनं जेपीजी फोटो नव्यानं सेव्ह केला की, आपण वेगळं सांगितल्याशिवाय एक्झिफ सोबत जात नाही. पण मग २७४ ची खूणही जाते आणि उभा फोटो आडवा पडतो. म्हणून आधी एक्झिफ-ट्रान्सपोज चालवा, मग सेव्ह करा. प्रोग्रॅम नको वाटत असेल तर विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्स. बरंचसं तिथेच दिसतं. पालकांनी तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद केलं तरी पुढचे फोटो कोरे येतील.

राहता राहिले आपले अहवालाचे फोटो. स्थळ-वेळ छापणाऱ्या कॅमेरा अ‍ॅपनं काढलेल्या फोटोत पत्ता चित्रावरच उमटलेला असतो. तो एक्झिफमध्ये नाही, त्यामुळे वरच्या कुठल्याही ओळीनं निघणार नाही. तेवढी पट्टी कापावीच लागते. मी अहवालाचे फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते, आणि त्या फोल्डरमधला एकही फोटो मुलांच्या गटावर जात नाही.